निळ्यांची ओळख मिटल्या पंखांवर

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'निळा' असा ठरवला. कुणी पैठणीचा निळा घेतला, कुणी भीमजयंतीच्या झेंड्यांचा, कुणी कोकणच्या समुद्राचा. फुलपाखरं माझ्याकडे आली आणि मी आनंदाने घेतली, कारण या रंगाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज फुलपाखरांच्याच बाबतीत आहेत.

निळं फुलपाखरू म्हटलं की आपल्याकडे आधी आठवतं ते ब्लू मॉरमॉन, मराठीत नीलवंत. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. तळहाताएवढ्या काळ्या पंखांवर आभाळी निळ्याचे रुंद पट्टे असतात. एकदा पाहिलं की माणूस ते विसरत नाही. त्याच्या खालोखाल ब्लू टायगर. त्याची डार्क ब्लू टायगरशी थोडी गल्लत होते, पण डार्कचे निळे पट्टे अरुंद आणि पंख जास्त काळे, एवढं ध्यानात ठेवलं की काम भागतं. ही मोठी मंडळी ओळखायला सोपी.

फुलपाखरूवाले आपसात नुसतं 'ब्लूज' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळीच माणसं असतात: लायकेनिडी कुळातली, नखाएवढी, गवतावरून पावलाच्या उंचीवर भुरभुरणारी. जगातल्या फुलपाखरांच्या जातींपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक जाती या एका कुळात आहेत. सह्याद्रीतही शंभराच्या आसपास भरतात. त्या सगळ्या निळ्या नाहीत, आणि ज्या आहेत त्यातल्या बऱ्याचशा एकमेकींसारख्या दिसतात. त्यांच्यात फरक करायचा कसा, हे पाहायला मी बाहेर पडले.

लॉनवरची सकाळ

सुरुवात ठाण्यात केली. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी एका गृहसंकुलाचं लॉन आहे. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती आणि माळ्याला गवत कापायला वेळ मिळालेला नव्हता, ही आमच्या दृष्टीने भाग्याचीच गोष्ट. प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांच्यासोबत कॉलेजची चार-पाच मुलं. सगळे गुडघ्यांवर. सकाळचे सात वाजले असतील. या वेळी निळी फुलपाखरं गवताच्या तुऱ्यांवर पंख मिटून बसलेली असतात. अंग तापेपर्यंत त्यांना उडता येत नाही, त्यामुळे निरखायला याहून चांगली वेळ नाही.

एक मुलगा म्हणाला, "सर, पेल ग्रास ब्लू."

"कशावरून?"

"आत्ता उडालं ना, तेव्हा निळं दिसलं."

"उडताना चौघंही निळीच दिसतात. बसू दे त्याला. पंख मिटू दे. मग सांग."

चौघं म्हणजे पेल ग्रास ब्लू, डार्क ग्रास ब्लू, लेसर ग्रास ब्लू आणि टायनी ग्रास ब्लू. शहरातल्या कुठल्याही मोकळ्या जागेत यातली दोन-तीन एकत्र सापडतात. चौघांच्याही मिटलेल्या पंखांचा रंग राखाडी किंवा फिकट तपकिरी, त्यावर पांढऱ्या कड्यातले गडद ठिपके. निळा रंग पंखांच्या वरच्या बाजूला, तोही नराच्या. मादी वरून बहुतेक काळपट तपकिरी. म्हणजे बसलेलं फुलपाखरू जे दाखवतं त्यात निळ्याचा अंशही नसतो, आणि ओळख मात्र तिथूनच करायची असते.

सरांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला आणि मुलांपुढे धरला. पुढच्या पंखाच्या मुळापासून निघालेल्या दोन शिरांच्या मध्ये एक लांबट कप्पा असतो. पुस्तकांत त्याला सेल म्हणतात. कप्प्याच्या टोकाला एक आडवी रेघ असते. ती चौघांनाही असते, म्हणून ती सोडून द्यायची. प्रश्न एवढाच, की कप्प्याच्या आत, मध्यावर, ठिपका आहे का? असेल तर पेल किंवा डार्क. नसेल तर लेसर किंवा टायनी.

पडद्यावरच्या पंखाचा कप्पा रिकामा होता.

"मग पेल नाही," मुलगा म्हणाला.

"नाही. आता मागच्या पंखावर ये."

मागच्या पंखावर ठिपक्यांची एक कमान असते. पेल आणि डार्कमध्ये ती नीट वळत जाते. लेसरमध्ये वरून दुसरा ठिपका ओळ सोडून आत सरकलेला असतो, पंगतीत एकाने पाट मागे ओढून बसावं तसा. हा एक ठिपका एकदा नजरेने टिपला की लेसर ग्रास ब्लू पुन्हा चुकत नाही. मी तो पडद्यावर पाहिला, मग भिंगातून प्रत्यक्ष पाहिला, मग शेजारच्या तुऱ्यावरच्या दुसऱ्या फुलपाखरावर शोधला. तिथेही तो तसाच आत सरकलेला होता. निळा रंग पाहून जे कधी कळलं नसतं ते टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्याच्या जागेवरून कळलं.

टायनीचं लक्षण वेगळं. त्याच्याही कप्प्यात ठिपका नसतो, पण पुढच्या पंखाच्या वरच्या कडेलगत बारीक काळे ठिपके असतात. ते बाकी तिघांना नसतात. अंगाने ते सगळ्यात लहान आणि उडायला सगळ्यात दुबळं. याच लॉनवर कधीकधी ग्रास ज्युएलही दिसतं, भारतातल्या सगळ्यात लहान फुलपाखरांपैकी एक. ते ओळखणं मात्र सुखाचं आहे: मागच्या पंखाच्या कडेला नारिंगी कोर असलेले काळे ठिपके, आणि त्या ठिपक्यांत धातूची चमक.

राहिले पेल आणि डार्क. इथे मात्र सर सावध झाले. नराने पंख उघडले तर पेलचा निळा रुपेरी, धुरकट. डार्कचा जांभळटाकडे झुकणारा आणि गडद. मादी असेल, त्यातून झिजलेली असेल, तर ते आजूबाजूला नर शोधतात, पायाखालची झाडं पाहतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर वहीत 'ग्रास ब्लू, जात अनिश्चित' असं लिहितात. मुलांना हे आवडत नाही. त्यांना यादी पुरी करायची असते.

निळा येतो कुठून

रंगावर विसंबू नका, असं सरांनी तीनदा सांगितलं. त्यामागे नुसती सवय नाही, पदार्थविज्ञान आहे.

फुलपाखराच्या पंखावर सूक्ष्म खवले असतात. फुलपाखरू हातात धरलं की बोटांना लागते ती पूड म्हणजे तेच खवले. पिवळा, तांबडा, तपकिरी, काळा हे रंग बहुतेक करून खवल्यांतल्या रंगद्रव्यांमुळे येतात. या निळ्यांच्या पंखात निळं रंगद्रव्य नसतं. खवल्याच्या आत कायटिनचे अतिशय पातळ, सच्छिद्र थर एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशात निळ्या लहरी एकमेकींना बळ देतात, बाकीच्या विरून जातात किंवा खालच्या काळ्या द्रव्यात शोषल्या जातात. म्हणून हा निळा पाहण्याच्या कोनासरशी बदलतो. सकाळच्या तिरप्या उन्हात जांभळा वाटलेला नर दुपारी आभाळी वाटतो. सावलीत तोच काळपट होतो. आठवडाभर काट्याकुट्यांतून उडालेल्या नराचे खवले गळाले की तेवढी जागा करडी पडते.

त्यात ऋतूची भर. पावसाळ्यात जन्मलेली पिढी आणि उन्हाळ्यात जन्मलेली पिढी एकाच जातीची असूनही वेगळी दिसते. कोरड्या दिवसांतल्या फुलपाखरांच्या मिटलेल्या पंखांवरचे ठिपके पुसट होतात, वाळल्या गवताच्या रंगात मिसळून जातात. पावसाळ्यातली ठिपके ठसठशीत मिरवतात. फुलपाखरूवाले त्यांना 'वेट' आणि 'ड्राय' फॉर्म म्हणतात. पुस्तकातल्या चित्राशी आपलं फुलपाखरू जुळत नसेल तर ते चित्र कुठल्या महिन्यातलं आहे, हे आधी पाहायला हवं.

ठिपका आहे किंवा नाही, शेपटी आहे किंवा नाही, रेघ कुठून सुरू होते, या गोष्टी त्या मानाने टिकाऊ. ब्रिगेडियर इव्हान्स यांचं भारतीय फुलपाखरांच्या ओळखीचं पुस्तक मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढलं. त्याची १९३२ ची आवृत्ती आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते. पुस्तक जवळपास सगळं 'हे असेल तर पुढे जा, नसेल तर तिकडे जा' अशा सूत्रांचं आहे. वाचायला रूक्ष, पण त्या सूत्रांत रंगापेक्षा शिरा आणि ठिपके जास्त आहेत. कृष्णमेघ कुंटे यांचं २००० सालचं आणि आयझॅक किहिमकर यांचं २००८ सालचं पुस्तक आल्यावर छायाचित्रांवरून ओळख करण्याची सोय झाली, आणि माझ्यासारख्या हौशी माणसांना या कुळाचं दार उघडलं. तरी सरांच्या पिशवीत इव्हान्सची झेरॉक्स आहेच.

ओढ्याकाठची गर्दी

लॉनवर चार-पाच जातींत गोंधळ होतो. आंबोलीत ओढ्याकाठी तो कितीतरी वाढतो.

पाऊस ओसरल्यावर ऊन पडलं की ओल्या वाळूवर, चिखलावर फुलपाखरं उतरतात आणि सोंड टेकवून क्षार शोषतात. याला चिखलपान म्हणतात. त्यात बहुतांशी नर असतात. निळ्यांचे तर थवेच बसतात, खांद्याला खांदा लावून, सगळे पंख मिटलेले. माझ्यासोबत आलेला स्थानिक वाटाड्या, पंचविशीतला तरुण, दहा पावलांवरून सांगू लागला: "ताई, ती पट्ट्यापट्ट्यांची मोठी आहेत ती सेरूलियन. मधली बारकी लाइनब्लू. पांढरं ठिपकेवालं दिसतंय ते हेज ब्लू."

लाइनब्लू म्हणजे ज्यांच्या मिटलेल्या पंखांवर बारीक फिकट रेघांच्या जोड्या असतात ती. त्यातली दोन सगळीकडे भेटतात: कॉमन लाइनब्लू आणि टेललेस लाइनब्लू. पहिल्याच्या मागच्या पंखाला दोऱ्यासारखी शेपटी असते, दुसऱ्याला नसते. पुस्तकात हे फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात ती शेपटी तुटते. पक्षी चोच मारतो, सरडा झडप घालतो, आणि कॉमन लाइनब्लू टेललेससारखं दिसू लागतं.

शेपटी असते तीच मुळी तुटण्यासाठी, असं म्हटलं तरी चालेल. या कुळातल्या कितीतरी जातींच्या मागच्या पंखाच्या कोपऱ्यात काळा डोळ्यासारखा ठिपका आणि त्याला लागून शेपटी असते. बसल्यावर फुलपाखरू मागचे पंख एकमेकांवर घासतं, शेपट्या हलतात आणि त्या टोकाला डोकं व स्पृशा असल्याचा भास होतो. शत्रू तिथे तोंड घालतो. पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. कोपरा फाटलेलं फुलपाखरू पाहिलं की त्याने एक हल्ला परतवलेला आहे असं समजावं. ओळख पटवणाऱ्याचं मात्र नेमकं तेच लक्षण गेलेलं असतं.

मग रेघा मोजायच्या. पुढच्या पंखावर रेघांच्या तीन जोड्या असतील तर सिक्सलाइन, मुळाजवळची जोडी नसेल तर फोरलाइन. ट्रान्सपरंट सिक्सलाइनब्लूच्या नराचे पंख इतके पातळ, की खालच्या बाजूच्या रेघा वरूनही उमटलेल्या दिसतात. वाटाड्याने मला वाळूवर पोटावर झोपायला लावलं आणि सूर्याकडे तोंड करून पाहायला सांगितलं. उजेड पंखातून आरपार आला तेव्हा रेघा मोजता आल्या.

त्या गर्दीत क्वेकर आणि मलायन ही दोन पांढुरकी फुलपाखरंही होती. वरून करडी, मिटल्यावर पांढरी. क्वेकरच्या मागच्या पंखाच्या वरच्या कडेशी एक मोठा काळा ठिपका असतो आणि तो लांबूनही दिसतो. मलायनला तसा ठिपका असतोच, शिवाय पुढच्या पंखाच्या वरच्या कडेवर बारीक काळे ठिपके असतात. फरक एवढाच. तो पाहायला फुलपाखरू सरळ एका कुशीवरून दिसायला हवं, आणि ते तसं बसेपर्यंत आपल्याला थांबायला हवं.

झाडाला विचारा

जाणकार माणूस फुलपाखरू पाहण्याआधी झाड पाहतो. मादी अंडी कुठेही घालत नाही. प्रत्येक जातीच्या अळीची ठरलेली खाद्यवनस्पती असते. काहींची एकच, काहींच्या बऱ्याच.

ठाण्याच्या त्या लॉनवर हे फार स्पष्ट दिसलं. ग्रास ब्लू म्हणवणाऱ्या चौघांतलं एकही गवत खात नाही. पेलची अळी तिनपानीवर वाढते, जिला कुणी आंबुटी म्हणतात, जिची आंबट पानं आपण लहानपणी चघळली आहेत. डार्कची अळी माठावर आणि गोखरूवर. लेसरला जमिनीलगत पसरणाऱ्या शेंगावर्गातल्या रानवेली लागतात, टायनीला अडुळशाच्या कुळातली लहान रोपं. या सगळ्यांना माळी तण म्हणतो. कुठलं तण जास्त आहे हे पाहिलं की कुठलं फुलपाखरू शोधायचं याचा अंदाज येतो.

बोरीच्या झुडपाभोवती भिरभिरणारं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं फुलपाखरू दिसलं तर पिएरो. चित्रकाच्या, विशेषतः बागेत लावतात त्या फिकट निळ्या फुलांच्या चित्रकाच्या, कळ्यांवर पट्टेदार निळं बसलं तर झेब्रा ब्लू असण्याची शक्यता मोठी. लिंबाच्या कोवळ्या पालवीवर लाइम ब्लू. करंजावर, पळसावर सेरूलियन. आणि हल्ली प्रत्येक सोसायटीच्या दारात लावलेलं सायकस कोवळ्या पानांसकट कुरतडलेलं दिसलं, तर तो प्लेन्स क्युपिडचा उद्योग. सायकसच्या शोभेच्या रोपांबरोबर हे फुलपाखरू आशियातून मॉरिशस, इजिप्तपर्यंत पोचलं. तैवानमध्ये तर तिथल्या दुर्मीळ सायकसला त्याने मोठा उपद्रव दिला.

पुरंदर तालुक्यात वाटाण्याच्या शेतात एक मावशी तोडणी करत होत्या. त्यांना नावं विचारली नाहीत, नुसतं विचारलं की निळी पाखरं दिसतात का.

"दिसतात की. ती आली की शेंगा किडक्या निघतात. आन् मुंग्या चढल्या की समजायचं, आत अळी हाये."

मावशींनी एका वाक्यात जे सांगितलं त्यावर संशोधकांनी ग्रंथ लिहिले आहेत. या कुळातल्या अनेक अळ्यांच्या पाठीवर, शेवटाकडे, गोड द्रव स्रवणारी ग्रंथी असते. मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात अळीवर अंडी घालू पाहणाऱ्या गांधीलमाश्या व परजीवी माश्यांना हुसकावतात. ऐनावर, अर्जुनावर वाढणाऱ्या ओकब्लूच्या अळ्यांना राखायला ओंबील असतात, पानं शिवून घरटं करणाऱ्या त्या चावऱ्या लाल मुंग्या. ऐनाच्या फांदीवर ओंबिलांची वर्दळ दिसली तर निळ्यांचे अभ्यासक हात राखून पण आवर्जून तिथे पाहतात.

मावशींच्या शेतातलं पाखरू होतं पी ब्लू. मिटलेल्या पंखांवर तपकिरी नागमोडी रेघा, मागच्या पंखाच्या कडेला समांतर जाणारा एक रुंद पांढरा पट्टा, कोपऱ्यात दोन काळे डोळे आणि शेपटी. तो पांढरा पट्टा ही त्याची पक्की खूण. युरोपपासून ऑस्ट्रेलियापर्यंत ते सापडतं. इतकं दूरवर पसरलेलं फुलपाखरू विरळा. इंग्लंडमध्ये मात्र ते कधीतरी दिसणारं पाहुणं आहे आणि तिथले लोक त्याला लाँग-टेल्ड ब्लू म्हणतात.

बांधाला चवळीचे वेल होते, त्यावर ग्रॅम ब्लू. त्यालाही कोपऱ्यात दोन डोळे, त्यांवर नारिंगी छटा, पण तो पांढरा पट्टा नाही आणि रेघांऐवजी ठिपके. तिसरं फर्गेट-मी-नॉट: त्याच्या कोपऱ्यात एकच ठळक डोळा. या फर्गेट-मी-नॉटचं एक सिल्व्हर भावंड आहे, आणि त्या दोघांत फरक करायचा तो पुढच्या पंखाच्या वरच्या कडेवरच्या एका बारक्या ठिपक्यावरून. तो कप्प्याच्या टोकाची रेघ आणि बाहेरचा पट्टा यांच्या मधोमध असेल तर साधं फर्गेट-मी-नॉट. बाहेरच्या पट्ट्याला जाऊन भिडला असेल तर सिल्व्हर. मी बांधावर बसून फोटो काढले आणि घरी येऊन पाहिले. माझं साधं होतं.

जिथे डोळा पुरत नाही

काही ठिकाणी भिंग, कॅमेरा, झाड, ऋतू हे सगळं जमेला धरूनही उत्तर येत नाही. बोरीवरचे टॅरूकस वंशातले पिएरो (स्पॉटेड, राउंडेड, स्ट्राइप्ड) हे त्यातले. त्यांची पक्की ओळख नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून होते. ते काम प्रयोगशाळेतलं.

या पद्धतीने निळ्यांचा पिच्छा पुरवणारा सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे 'लोलिता'चा लेखक व्लादिमीर नाबोकोव्ह. १९४० च्या दशकात तो हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यांची जननेंद्रियं मोजत असे. त्या मोजमापांच्या जोरावर १९४५ साली त्याने मांडलं, की दक्षिण अमेरिकेतल्या निळ्यांचे पूर्वज आशियातून, बेरिंगच्या मार्गे, एकामागून एक लाटांनी आले. तेव्हा फार कुणी लक्ष दिलं नाही. २०११ मध्ये डीएनएच्या अभ्यासाने त्याचा अंदाज बरोबर ठरवला.

आपण कुणी फुलपाखरं मारून त्यांची चिरफाड करावी असा याचा अर्थ नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत बरीच निळी आहेत, आणि अभयारण्यात परवानगीवाचून कीटक पकडणं हा गुन्हा आहे. अर्थ एवढाच, की फोटोवरून जे कळत नाही ते कळत नाही म्हणून सांगावं. हल्ली मोबाइलवरच्या ॲपमध्ये फोटो टाकला की पटकन नाव येतं, आणि राखाडी पंखांचं काहीही टाकलं तरी पुष्कळदा 'पेल ग्रास ब्लू' हेच येतं. ते नाव तसंच पुढे नोंदींत जातं. नोंदी साठत जातात, नकाशे तयार होतात आणि ज्या फुलपाखराचा कप्पा कुणी पाहिलाच नाही ते नकाशावर पसरत जातं. माझं स्पष्ट मत आहे, की चुकीच्या शंभर नोंदींपेक्षा 'जात अनिश्चित' अशी एक प्रामाणिक नोंद जास्त कामाची.

नाव चुकण्याची किंमत

पेल की लेसर, याने काय बिघडतं, असं एका मित्राने विचारलं. बिघडतं. इंग्लंडमध्ये लार्ज ब्लू नावाचं एक निळं होतं. त्याची अळी मुंग्यांच्या वारुळात शिरते आणि त्यांची पिल्लं खाऊन वाढते. फुलपाखरू कमी होत चाललं तशी लोकांनी कुरणं राखीव केली, चराई बंद केली, संग्राहकांना मज्जाव केला. तरी १९७९ साली ते इंग्लंडातून नाहीसं झालं. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने कारण शोधून काढलं: अळी कुठल्याही लाल मुंगीकडे नीट जगत नव्हती, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जातींतली एकच, मिर्मिका सॅब्युलेटी, तिला मानवत होती. ती मुंगी उन्हाने तापलेल्या, आखूड गवताच्या जमिनीतच राहते. १९५० च्या दशकात रोगाने ससे मेले होते, त्यात चराई थांबवली गेली, गवत वाढलं, जमीन थंड झाली आणि मुंगी गेली. सगळ्या लाल मुंग्या एकच समजल्यामुळे, जे फुलपाखराच्या भल्यासाठी केलं तेच त्याच्या मुळावर आलं. पुढे १९८३ पासून स्वीडनहून अळ्या आणून, कुरणं चारून घेऊन, ते तिथे पुन्हा वसवलं गेलं.

दुसरं उदाहरण आपल्या लॉनवरच्या पेल ग्रास ब्लूचंच. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला. ओकिनावातल्या संशोधकांनी त्याच वर्षी त्या भागातून ही फुलपाखरं गोळा केली आणि २०१२ मध्ये पंखांतल्या, पायांतल्या, स्पृशांतल्या विकृतींची नोंद प्रसिद्ध केली. निष्कर्षांवर वाद झाला, तो शास्त्रात होतोच. पण निवडलेलं फुलपाखरू नेमकं होतं: माणसांच्या वस्तीत राहणारं, फार दूर न जाणारं आणि तिनपानीवरच वाढणारं. त्या अभ्यासात कुणी पेलच्या जागी लेसर धरलं असतं तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

दिवाळीनंतरचे दोन महिने निळ्यांना पाहायला उत्तम. जंगलात जायची गरज नाही; सकाळी सातला कुठल्याही मैदानाची, बांधाची, सोसायटीच्या आवाराची कडा पुरते. फोटो पंख मिटलेल्या बाजूचा घ्या, फुलपाखरू आडवं, पूर्ण दिसेल असा. कुठल्या झाडावर होतं ते, महिना आणि जागा टिपून ठेवा. कप्प्यातला ठिपका दिसत नसेल तर नाव लिहू नका. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत एक ठराव मांडा: लॉनची भिंतीलगतची हातभर रुंद पट्टी मार्चपर्यंत कापायची नाही, तिथे तणनाशक मारायचं नाही, तिनपानी उपटायची नाही.